लोधीपुऱ्यातला न उगवलेला घट

दिवाळी अंकात नोकरीधंद्याचे अनुभव लिहितात ते बहुतेक निवृत्त लोक. त्यांचं बरं असतं. ज्यांच्याबद्दल लिहायचं ते एकतर वारलेले असतात, नाहीतर भांडायला येण्याइतकी ताकद त्यांच्यात उरलेली नसते. माझं तसं नाही. मी अजून तिशीची झालेली नाही, काम चालू आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं बऱ्हाणपूरच्या भाजीबाजारात मला दर दोन दिवसांनी भेटतात. म्हणून माणसांची नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही, कारण बाकी कशाची लाज मला वाटायचं कारण नाही.

मी बियाणं तपासते. प्रयोगशाळेत नाही, लोकांच्या ओट्यावर. आमचा चार-पाच जणांचा गट आहे. पेरणीच्या आधी आम्ही गावोगाव जातो, घरातलं किंवा दुकानातून आणलेलं बी उगवतं की नाही हे शेतकऱ्याच्या समोर तपासून दाखवतो आणि पत्रकं वाटतो. पत्रकं मी लिहिते. 'पिशवीवरचं चित्र उगवत नाही, पिशवीतलं बी उगवतं!' हे माझंच. उद्गारचिन्ह हा माझा जुना आजार आहे. या लेखात पथ्य पाळते आहे.

गावात मला 'बीजवाली' म्हणतात. तपासण्याची रीत इतकी साधी आहे की तिचं उद्घाटन करायला कुणी येत नाही. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा, पिळायचा, त्यावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल राखायची. चार-पाच दिवसांनी उघडायची. किती दाण्यांना मोड आलेत ते दिसतं. यात लपवायला जागा नाही, म्हणूनच दुकानदारांना मी आवडत नाही.

पण मला सांगायचं आहे ते दुकानाबद्दल नाही. एका डब्यातल्या गव्हाबद्दल आहे. तो गहू उगवला नाही म्हणून देडतलाईची एक मुलगी लोधीपुऱ्यातल्या तिच्या सासरहून परत पाठवली जाणार होती.

ते कळायला आधी बी म्हणजे काय ते थोडं कळलं पाहिजे. कंटाळा येणार नाही, हरभरा घ्या आणि माझ्याबरोबर सोला.

रात्रभर भिजवलेला हरभरा चिमटीत धरला की साल सुटते. तो बियाचा अंगरखा. आत दोन डाळिंब्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्या अलगद उघडल्या की टोकाशी, जिथं हरभऱ्याची चोच असते तिथं, एक इवलासा कोंब दिसतो. तो खरा हरभरा. डाळिंब्या ही त्याची शिदोरी. जमिनीतून वर येऊन स्वतःची पानं फुटेपर्यंत त्याला ती पुरवून खायची असते. आपण डाळ करतो तेव्हा शिदोरी ठेवून घेतो आणि कोंब चुरीत जातो. म्हणून डाळ पेरून उगवत नाही. आपण सगळे जन्मभर दुसऱ्याची शिदोरीच खातो, हे मी एकदा पत्रकात लिहिलं होतं. गटातल्या लोकांनी ते कापलं. म्हणाले, लोकांना जेवू दे.

हरभरा, तूर, कापूस ही दोन डाळिंब्यांची मंडळी. गहू, ज्वारी, मका यांचं घर वेगळं. गव्हाचे दोन भाग होत नाहीत. त्याची शिदोरी अख्खी, पिठाची, एका कोठारासारखी, आणि कोंब त्या कोठाराच्या एका कोपऱ्यात भाडेकरूसारखा. एरंडीला पानांसारख्या पातळ दोन डाळिंब्याही आहेत आणि वेगळं तेलकट कोठारही. निसर्गानं आपली पाठ्यपुस्तकं वाचलेली नाहीत.

आणखी एक भेद आहे, तो कुणी शिकवत नाही. काही बिया वाट बघू शकतात, काही बघू शकत नाहीत. गहू नीट वाळवला तर वर्ष-दोन वर्षं झोपून राहतो आणि पाणी लागलं की उठतो. आंब्याची कोय, जांभळाची बी, कडुलिंबाची निंबोळी यांना ते जमत नाही. त्या पडल्या की लवकर रुजल्या पाहिजेत. वाळवून ठेवल्या की मेल्या. एका कार्यालयानं थाटात मातीचे बीजगोळे केले होते, टेकड्यांवर फेकायला. आत गेल्या पावसाळ्यातल्या निंबोळ्या. मी सांगितलं, साहेब, हे मेलेलं आहे. साहेब म्हणाले, "मॅडम, भावना बघा ना." भावना बघितल्या. फोटोत चांगल्या आल्या होत्या.

फोपनारचा दत्तूभाऊ हे माझं आवडतं गिऱ्हाईक. केळीवाला माणूस, बोलायला तिखट. एकदा मी गावात हरभरा तपासत बसले होते तर हा केळीच्या घडातून काढलेलं फळ घेऊन आला.

"बीजवाली, याचं बी तपास."

"केळीला बी कुठं असतं, भाऊ?"

"मंग हे काळं काळं काय आहे मधी?"

"ते बी व्हायचं राहून गेलेलं आहे. ठिपके उरले फक्त. तुमची केळी कंदापासून येते, नाहीतर रोपवाटिकेतल्या रोपापासून. बी असतं जंगली केळीला. दगडासारखं. खाल तर दात पडतील."

दत्तूभाऊ फळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मतलब एवढा सगळा माल, ट्रकच्या ट्रक, अन् ह्याला पोरबाळ नाही? अन् लग्नात दाराशी हिलेच बांधतो आपण?" आणि केळं सोलून खाऊन टाकलं.

मी तेव्हा हसले होते. ते वाक्य पुढं मला फार उपयोगी पडलं.

ज्योती देडतलाईची. तिच्या वडिलांकडे मी गहू-हरभरा तपासायला जायची तेव्हा ती गोणपाट पिळून द्यायची. तिचं लग्न लोधीपुऱ्यात झालं, कापडाच्या दुकानवाल्या घरात. नवरा नीलेश बँकेत. त्यानंतर आमची गाठ नव्हती. परवाच्या नवरात्रात, घट बसून चार दिवस झाले होते, तेव्हा तिचा फोन आला.

"ताई, तुम्ही गहू तपासता ना? आमचा तपासाल?"

"पेरणीला वेळ आहे गं अजून. आणि तुमचं शेत कुठं आहे?"

"शेताचा नाही. घटातला."

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. घट घालायचं काम सासूनं तिच्याकडे दिलं होतं. गेल्या वर्षी, लग्नानंतरच्या पहिल्याच नवरात्रात, घट विरळ आला. या वर्षी काहीच नाही. काळी माती तशीच्या तशी. लग्नाला दीड वर्ष झालंय आणि घरात पाळणा नाही, हे दोन्ही एकत्र जोडायला कुणाला शिक्षण लागत नाही. चुलत सासूनं हळदीकुंकवाच्या बायकांसमोर बोलून दाखवलं की एकेकीच्या हाताला उगवण नसते. आणि घरात ठरत आलं होतं की दसरा झाला की हिला देडतलाईला नेऊन सोडायचं. "दिवाळीपर्यंत, मग बघू." त्या 'मग बघू'त काय काय मावतं ते बायकांना माहीत आहे.

मी पेटले. स्कूटीवर बसले तेव्हा माझ्या डोक्यात अख्खं पत्रक तयार होतं, उद्गारचिन्हांसकट. घटस्थापना ही मुळात बियाण्याची चाचणीच आहे! रब्बीच्या आधी घरातलं धान्य उगवतं की नाही ते बघायची रीत! आणि तुम्ही त्या चाचणीत धान्य सोडून बाई नापास करता! वगैरे. चांगलं होतं. त्यातलं एकही वाक्य बोलता आलं नाही.

ज्योतीची सासू सुमनकाकू दारातच होत्या. उपास, कपाळावर मोठं कुंकू, थकलेल्या.

"बीजवाली ना तू? पेपरात फोटो आला होता तुझा. आमच्याकडे काय काम?"

"ज्योतीनं बोलावलं, काकू. घट बघायला."

"घट बघायला दर्शनाला येतात लोक. तपासायला नाही येत." पण त्यांनी वाट सोडली.

आत झोपाळ्यावर वत्सलाबाई बसल्या होत्या, सुमनकाकूंच्या मोठ्या जाऊबाई, मागच्या गल्लीतल्या, म्हणजे ज्योतीची ती चुलत सासू. मांडीवर झेंडूची फुलं, हातात सुई, घटाला वाहायची माळ ओवत होत्या. देवघरात दिवा, कलश, खाली परडीत काळीभोर माती. चार माळा लोंबत होत्या आणि त्यांच्याखाली एकही हिरवी काडी नव्हती. खरं सांगते, मी नास्तिक बाई, पण ते बघवलं नाही.

"बघ, बघ," वत्सलाबाई म्हणाल्या. "गेल्या साली निदान चार काड्या होत्या. हात असतो एकेकीचा."

"मतलब काय, काकू?"

"मतलब तुला नाही समजणार. लग्न झालं की समजेल."

"माझ्या लग्नाचं बी अजून पिशवीतच आहे," मी म्हटलं. सुमनकाकूंच्या तोंडाचा कोपरा हलला. तेवढ्या बळावर मी विचारलं, "घटाला मी हात लावत नाही. पण डब्यातला गहू मला वाटीभर दाखवाल?"

ज्योतीनं वाटी आणली. मी खिडकीशी उजेडात बसले, दाणे ताटात पसरले, पिशवीतून भिंग काढलं.

गव्हाच्या एका बाजूला उभी चीर असते, ती पोटाची बाजू. एका टोकाला बारीक केसांचा झुपका असतो. त्याच्या उलट टोकाला, पाठीवर, एक लहानसा सुरकुतलेला खोलगट ठिपका असतो. त्या ठिपक्याच्या खाली कोंब. बाकी सगळा दाणा म्हणजे पीठ. मी एक एक दाणा पाठीवर वळवून बघू लागले. पहिल्यात ठिपक्याच्या जागी बारीक खड्डा. दुसऱ्यात तसाच. तिसरा बरा. चौथ्याचं ते टोकच पोकळ, नखानं दाबलं तर भुगा.

"काकू, गव्हाला खपरा लागलाय."

सुमनकाकूंना ते लागलं. "वेडी आहेस? मी स्वतः चाळला, निवडला, मग भरला. डब्यात एक किडा दाखव मला."

"किडा नाही आता. किडा जेवून गेला. त्याची अळी गव्हाला लागली की आधी हे टोक खाते. मऊ असतं ना, पौष्टिक. बाकीचा दाणा तसाच राहतो. निवडताना दिसत नाही."

"मग पोळ्या कशा होतात? रोज खातो आम्ही. नरम होतात."

"पोळी पिठाची होते, काकू. उगवायला आतलं बाळ लागतं."

बोलून गेले. बियाचं बाळ हा आमच्या कामातला रोजचा शब्द, लहान मुलांना समजावताना वापरतो. त्या घरात तो असा पडला की झोपाळ्याची कडी वाजायची थांबली. ज्योती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं नजर खाली केली नाही, पण माझ्याकडेही बघितलं नाही.

"तेच तर बोलू राह्यली मी कवाची," वत्सलाबाई म्हणाल्या.

तेव्हा मला दत्तूभाऊ आठवला. "वत्सलाकाकू, दसऱ्याला, लग्नाला दाराशी केळीचे खांब बांधता ना? सत्यनारायणाला बांधता?"

"बांधतो. मग?"

"आपल्या केळीला बी नाही. एकसुद्धा. तिला कुणी दिवाळीपर्यंत माहेरी पाठवत नाही."

"झाडाची अन् बाईची बरोबरी करते का तू?"

"मी कुठं करतेय? गव्हाची अन् बाईची तुम्ही केली."

सुमनकाकू मधे पडल्या. "बस. दोघी थांबा. देवासमोर आहात." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "तू म्हणतेस ते खरं कशावरून?"

"मी म्हणते म्हणून नका मानू. दोन ताटल्या घ्या. एकीत डब्यातला गहू, एकीत माझ्या पिशवीतला बियाण्याचा. दोन्ही तुम्ही लावा, तुमच्या हातानं. ओलं फडकं खाली, ओलं फडकं वर. ज्योती दाण्यांना हातसुद्धा लावणार नाही. अष्टमीला उघडा."

"अन् उगवला डब्यातला तर?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"तर मी तोंड बंद करून घरी जाईन."

"तू तर जाशील. हिचं सांग." त्यांनी सुईनं ज्योतीकडे दाखवलं. "उगवला तर मग दसऱ्याला नीलेश हिला सोडून येईल. बोल सुमन, हो की नाही?"

सुमनकाकू हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. नीलेश तेवढ्यात बँकेतून आला, बूट काढता काढता म्हणाला, "मम्मी, शांती रखो ना, प्लीज," आणि आत गेला. ज्योतीनं दोन ताटल्या धुतल्या, पुसल्या आणि सासूसमोर ठेवल्या.

तिथून निघाले आणि घराच्या वाटेवर माझा राग उतरला, भीती चढली. मी मूठभर दाणे बघितले होते. डबा मोठा. खपऱ्यानं अर्धा गहू सोडला असेल तर? शेतात आम्हाला आकडा चालतो. शंभरातले ऐंशी-नव्वद आले तर बिनधास्त पेरा, साठ आले तर बी जास्त वापरा, त्याहून कमी आले तर दुसरं शोधा. असं मी हजार वेळा सांगितलंय. पण देवघरात आकडा चालत नाही. तिथं दोनच निकाल, उगवलं आणि नाही उगवलं. ताटलीत चाळीस कोंब दिसले असते तर मी ओरडून सांगितलं असतं की हे बी निकामी आहे, आणि वत्सलाबाई म्हणाल्या असत्या, हिरवं दिसतंय की. आणि तिची बॅग भरली गेली असती. माझ्याच चाचणीनं.

आम्ही चळवळीतली माणसं फार पटकन म्हणतो, चला, सिद्ध करून दाखवू. सिद्ध करताना पणाला काय लागलंय आणि ते कुणाचं आहे, हे विचारायला विसरतो. माझं काय लागलं होतं? तोंड.

अष्टमीला गेले. घरात कुमारिकांच्या जेवणाची गडबड होती. सुमनकाकूंनी मला बघून हात पुसले, देवघराच्या कोपऱ्यातून दोन्ही ताटल्या आणल्या आणि जमिनीवर ठेवल्या. वत्सलाबाई होत्याच, सुई घेऊन आठवी माळ ओवत. नीलेश होता. ज्योती स्वयंपाकघराच्या दारात, हातात झारा.

वरचं फडकं काकूंनी स्वतः उचललं. आधी माझ्या गव्हाची ताटली. पांढऱ्या मुळ्यांचं जाळं झालं होतं, फडक्यात घुसलेलं, आणि त्यावर हिरवट सुया दाटीनं उभ्या. खालचं फडकं उचललं तर सगळे दाणे सोबत उचलले जात होते.

मग दुसरी. आंबूस वास आला. दाणे फुगलेले, चिकट, काहींवर पांढरी बुरशी. मधे मधे कुठंतरी एखादा दाणा उगवलेला, जसा चुकून आला असावा तसा. सुमनकाकूंनी बोटानं दोन-तीन दाणे दाबले. आतून पिठाचं पाणी निघालं.

मी मोजायला वाकले. "नको मोजू," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला."

मला वाटलं, संपलं. मी वत्सलाबाईंना ओळखत नव्हते.

"अगं बाई, सुमन," त्या गालाला हात लावून म्हणाल्या, "हिचा दोष तुला लागला!"

पत्रकं लिहून लिहून माझा असा समज झाला होता की पुरावा दाखवला की माणूस अडतो. माणूस अडत नाही, तो पुराव्याला वळसा घालून जातो. मी सुमनकाकूंकडे बघितलं. इतके दिवस ते बोट सुनेकडे होतं. आता ते त्यांच्याकडे वळलं होतं आणि त्यांना पहिल्यांदा त्याचं टोक लागलं होतं.

"भाभी," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "हा गहू आपण दोघींनी मिळून घेतला ना उन्हाळ्यात? अर्धा तुमच्याकडे, अर्धा माझ्याकडे. एकाच ढिगातला."

"हो. मग?"

"तुमचा घट कसा आहे?"

"छान आहे. हिरवागार. तू येऊन बघ."

"त्याच गव्हाचा?"

वत्सलाबाईंची सुई फुलात अडकली. "तो... नाही. तो मी नाही घातला. मला किडका वाटला तो. मी दुकानातून नवीन पावशेर आणला."

स्वयंपाकघरात तेल तापल्याचा वास येत होता.

"किडका वाटला," सुमनकाकू म्हणाल्या. "अन् मला नाही बोललात."

"मला काय माहीत, तुझा डबा वेगळा, माझा वेगळा..."

"अन् माझ्या सुनेला बायकांसमोर बोललात. माहीत असून."

"माहीत असून कुठं? मी थोडीच असं..." वत्सलाबाईंनी खरंच असा विचार केला नसेल, असं मला वाटतं. किडका गहू एका खणात आणि सुनेचा हात दुसऱ्या खणात, दोन्ही एकाच डोक्यात आणि एकमेकांना कधी न भेटलेले. दुष्टपणापेक्षा हे जास्त घरोघरी आढळतं, आणि त्याच्यावर फवारायला काही मिळत नाही.

"नीलेश," सुमनकाकू म्हणाल्या, "दसऱ्याच्या गाडीचं राहू दे."

"मी सांगितलीच नव्हती गाडी, मम्मी."

"नको म्हणून पण नव्हतं सांगितलं," दारातून ज्योती म्हणाली. त्या दोन भेटींत तिनं घरच्या माणसांसमोर बोललेलं हे एकच वाक्य. मग ती पुऱ्या तळायला वळली, कारण तेल जळत होतं.

मी जिंकून घरी आले. असं वाटलं तरी. गटाच्या बैठकीत सगळं रंगवून सांगितलं, टाळ्या मिळाल्या. पत्रकाचा मथळाही सुचला: 'दोष हातात नाही, दाण्यात!' छापायला देणार होते. दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला लोधीपुऱ्यात गेले म्हणून तो छापला गेला नाही.

दारात ज्योती झेंडूचं तोरण बांधत होती. वत्सलाबाईंनी त्यांच्या घटातले तुरे वाटीभर पाठवले होते. नीलेशच्या कानावर एक होता, सुमनकाकूंच्या अंबाड्यात एक. तडजोड अशीच होते. पानं देऊन झाली, चहा झाला, मी चपला घालत होते तेव्हा ज्योती बाहेर ओट्यावर आली.

"ताई, एक बोलू? गेल्या वर्षीचा गहू चांगला होता."

"कशावरून?"

"दसऱ्यानंतर मी त्याच डब्यातला थोडा गच्चीवर कुंडीत टाकला. कुणाला न सांगता. मस्त आला."

"मग घटात का नाही आला?"

"पाणी. नवी होते ना. देवघरात कुणी आलं की वाटायचं, मी काहीतरी करताना दिसले पाहिजे. मग घालायची पाणी. आईंनी बघितलं की घालायची, मोठ्या आई आल्या की घालायची. चिखल झाला होता पार."

मी तिला सांगितलं की बीसुद्धा श्वास घेतं. कोंब जागा होतो तेव्हा त्याला ओल लागते तितकीच हवाही लागते, मातीतल्या सगळ्या फटी पाण्यानं भरल्या की ते बुडून मरतं. पहिल्या घटाला हे पुष्कळ जणींचं होतं. त्यात दोष कसला?

"दोष नाही ते मला माहीत आहे. पण पाणी मीच घातलं ना? मतलब या वर्षी गहू खराब निघाला म्हणून मी सुटले. तुम्ही ताटली उघडली तेव्हा मी काय मागत होते माहीत आहे? सडलेला असू दे, देवा. घरातला गहू सडलेला असू दे." मग तिनं विचारलं, "चांगला निघाला असता तर?"

हा प्रश्न आजही पत्रकात बसत नाही. मी गव्हाची बाजू तपासली होती, तिची बाजू कुणीच घेतली नव्हती. मीही नाही. तिच्या राहण्या-जाण्याचा निकाल ताटलीवर लागावा, हे वत्सलाबाईंनी सुचवलं आणि मी मान्य केलं होतं. माझी ताटली जास्त स्वच्छ होती, इतकाच काय तो फरक.

मी घाईघाईनं म्हटलं, "पुढच्या वर्षी मी आणून देईन बियाण्याचा गहू, तपासलेला. पाणी किती घालायचं ते पण दाखवते."

"नका आणू."

"अगं, पण..."

"पुढच्या वर्षी मी डब्यातलाच घेणार. जसा असेल तसा. पाणी मला जितकं समजेल तितकं घालेन. उगवला तर उगवला. नाही उगवला तरी दसऱ्याला मी इथंच असणार." ती तोरणाची उरलेली सुतळी बोटाला गुंडाळत होती. "हे मी आत्ता सकाळी आईंना सांगितलं."

"सांगितलंस? काय बोलल्या?"

"बोलल्या, तोरण वाकडं बांधलंस, सरळ कर."

ती स्टूल उंबऱ्याशी ओढून वर चढली. स्टूल हलत होतं, म्हणून मी खालून धरलं.